दोन वर्षांसाठी परदेशी, आणि गाडी?

पळस्पे फाट्यावरून जेएनपीए बंदराकडे रात्रंदिवस कंटेनर जात असतात. पनवेलजवळच्या कोनमध्ये राहणाऱ्याला वाटावं, की बंदर इतकं जवळ आहे तर आपली गाडीही एखाद्या कंटेनरात घालून सोबत नेऊ. कंपनीने दोन वर्षांसाठी दुबईला, सिंगापूरला किंवा जर्मनीला पाठवलं की घरात हा विषय निघतोच. हप्ते नुकतेच फिटलेत, गाडी चांगली चालतेय, मग विकायची कशाला? खरं तर जहाजावर गाडी चढवणं हे यातलं सोपं काम. अडचण येते ती पलीकडे उतरवताना. तिथल्या कस्टम्सला दोनच गोष्टी कळायला हव्या असतात. गाडी परत जाणार आहे का, आणि मालक फिरायला आलाय की राहायला?

फिरायला आला असेल तर गाडी पाहुणी. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार एका देशाची गाडी आपल्याच नंबरावर दुसऱ्या देशात चालवता येते. मागच्या बाजूला देशाची खूण लावायची (भारताची अक्षरं आयएनडी) आणि मूळ आरसी जवळ ठेवायची. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याची खासगी गाडी तिथे साधारण सहा महिने आयात शुल्काशिवाय ठेवता येते. पण नोकरीचा व्हिसा घेऊन, घर भाड्याने घेऊन राहणारा माणूस तिथल्या कायद्याने रहिवासी ठरतो आणि त्याच्या एमएच-४६ गाडीचा पाहुणचार तिथेच संपतो. 'मी दोनच वर्षांसाठी आलोय' हे म्हणणं खरं असलं तरी तिथे उपयोगाचं नाही.

इराण, पाकिस्तान अशा देशांतून गाडी न्यायची तर कार्ने लागतं. त्याला गाडीचा पासपोर्ट म्हणतात, पण ती प्रत्यक्षात हमीची वही असते. तिच्या प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. देशात शिरताना कस्टम्स एक भाग फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा, आणि दोन्ही शिक्के असलेला तिसरा भाग तुमच्याकडे राहतो. आपल्याकडे ही वही मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन देते. १९१९ साली स्थापन झालेली ही संस्था कार्ने देताना तुमच्याकडून तारण घेते, कारण गाडी बाहेर पडल्याचा शिक्का नसेल तर तो देश गाडी तिथेच विकली असं धरून शुल्क मागतो आणि ते आधी संस्थेला भरावं लागतं. म्हणून सीमेवर कितीही घाई असली तरी शिक्का बघितल्याशिवाय पुढे निघू नये. गाडी चोरीला गेली किंवा अपघातात भंगार झाली तरी हिशोब आपोआप मिटत नाही. तिथल्या कस्टम्सकडून तसा कागद घ्यावा लागतो. कार्नेची मुदत एक वर्ष.

आता रहिवासी म्हणून गाडी तिथेच रजिस्टर करायची म्हटलं तर? अमिरातीत उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाडीची नोंदणीच होत नाही, त्यामुळे दुबईवाल्यांचा प्रश्न इथेच मिटतो. युरोपात घर हलवणाऱ्याला शुल्कात सवलत आहे: गाडी निदान सहा महिने तुमच्या वापरात हवी आणि नेल्यावर बारा महिने विकता येत नाही. पण शुल्क माफ झालं म्हणून तांत्रिक तपासणी माफ होत नाही. आपल्या हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी बसवलेला असतो, तोही बदलावा लागतो. अमेरिकेत तिथल्या मानकांनुसार न बनलेली गाडी कायमची न्यायची तर ती २५ वर्षं जुनी असावी लागते. साध्या हॅचबॅक किंवा सेडानसाठी हा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही.

नेपाळ आणि भूतानची गोष्ट वेगळी. तिथे भारतीय गाडीला कार्ने लागत नाही. नेपाळच्या सीमेवर भन्सार म्हणजे दिवसांप्रमाणे शुल्क भरायचं, भूतानमध्ये परवाना काढायचा. बहुतेक जण विम्याकडे मात्र बघत नाहीत. आपली पॉलिसी भारतापुरती असते. थोडा जादा हप्ता भरून तिची हद्द नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका अशा शेजारी देशांपर्यंत वाढवता येते, पण हे निघण्याआधी करायचं.

म्हणजे बहुतेकांची गाडी कोनलाच राहणार. ती ठेवायची असेल तर विमा बंद पडू देऊ नका. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. विकायची असेल तर विमा कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घ्या. ते तीन वर्षं चालतं, परतल्यावर नव्या गाडीच्या विम्याच्या हप्त्यात वळतं करता येतं.

विक्रीत जास्त सांभाळायचं ते नाव. कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, किल्ली देऊन विमान पकडणारे खूप आहेत. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत मालक तुम्हीच असता. २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीतल्या मालकावर येते. तुम्ही फ्रँकफर्टमध्ये, इथला सिम बंद, आणि ई-चलनाचे मेसेज त्याच बंद नंबरावर. डीलरला देणार असाल तर तो आरटीओकडे नोंदणीकृत आहे का ते विचारा आणि फॉर्म २९सी भरा. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमानुसार त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरवर जाते. घरातल्या कुणाला विकत असाल तर नाव बदललेली आरसी डोळ्यांनी बघून मगच निघा.

गाडी इथेच राहिली तरी लायसन्स सोबत जातं. पनवेल आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळतं. सारथी पोर्टलवर फॉर्म ४ए भरायचा, लायसन्स आणि पासपोर्ट जोडायचा, १,००० रुपये फी भरायची. मुदत एक वर्ष. परदेशात असताना मुदत संपली तर २०२१ पासून भारतीय दूतावासामार्फत अर्ज करता येतो. हे परमिट म्हणजे लायसन्सचा जगभर वाचता येणारा अनुवाद, म्हणून मूळ लायसन्स सोबत हवंच. आणि इंटरनेटवर डॉलरमध्ये विकली जाणारी 'इंटरनॅशनल लायसन्सं' घेऊ नका. भारतीय लायसन्सवरचं परमिट आरटीओच देतं.

लायसन्सच्या बाबतीतही तिथले रहिवासी झालात की घड्याळ सुरू होतं. जर्मनीत राहायला गेल्यापासून सहा महिने भारतीय लायसन्स चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा. ब्रिटनमध्ये आणि सिंगापूरमध्ये बारा महिने. अमिरातीत रहिवासी व्हिसा लागला की तिथलंच लायसन्स काढावं लागतं. पर्यटक म्हणून चालवलेली गाडी विसरायची.

परतताना उलटा मोह होतो: तिथे घेतलेली गाडी घरी आणायचा. गाडी सामानात, म्हणजे बॅगेजच्या सवलतीत धरली जात नाही. वापरलेली गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडेच हवं, म्हणून दुबई किंवा जर्मनीतली गाडी इथेच बाद. आणखी एक गंमत: नव्या गाडीला न्हावा-शेवा म्हणजे जेएनपीए बंदर चालतं, वापरलेल्या गाडीला फक्त मुंबई बंदर. म्हणजे कोनवाल्याला जेएनपीए सोडून गाडी आणायला माझगावच्या बाजूला जावं लागणार. त्यावर भरभक्कम आयात शुल्क, आणि पनवेलला नोंदणी करताना महाराष्ट्राचा आयात गाडीवरचा २० टक्के एकरकमी कर.

आपलीच गाडी बाहेर नेऊन परत आणणाऱ्याला मात्र हे शुल्क भरावं लागत नाही. गेल्यापासून तीन वर्षांच्या आत परत यायला हवी, आणि ही तीच गाडी आहे हे कस्टम्सला पटायला हवं. ते पटतं शिपिंग बिलावरच्या चॅसिस आणि इंजिन नंबरावरून. म्हणून गाडी चढवायच्या दिवशी ते दोन्ही नंबर आरसीशी अक्षरन्‌अक्षर ताडून बघा आणि त्या बिलाची प्रत घरच्या कपाटात ठेवून जा.