चित्रकाराची साक्ष

एखादें शहर जमीनदोस्त झालें आणि तें पूर्वींसारखेंच पुन्हां उभारावयाचें ठरलें, तर कोणत्या घरास किती खिडक्या होत्या, कमानी कोठें होत्या, हें कोणास विचारावें? पोलंडच्या वॉर्सा शहरापुढें १९४५ सालीं हाच प्रश्न उभा राहिला. त्याचें कांहीं उत्तर पावणेदोनशें वर्षांपूर्वींच्या चित्रांत सांपडलें.

हीं चित्रें काढणारा बर्नार्दो बेलोत्तो १७२१ च्या सुमारास व्हेनिस येथें जन्मला. नगरदृश्यांसाठीं युरोपभर गाजलेला कॅनालेत्तो हा त्याचा मामा. भाचा मामाच्याच चित्रशाळेंत शिकला आणि पुढें मामाचेंच नांव लावूं लागला. अशा दृश्यांसाठीं त्या काळचे चित्रकार ‘कॅमेरा ऑब्स्क्यूरा’ नांवाची पेटी वापरीत. भिंगांतून आंत आलेला प्रकाश आरशावर पडे आणि समोरच्या देखाव्याची प्रतिमा वरच्या कांचेवर उमटे. तीवर कागद ठेवून बाह्यरेषा गिरवितां येत. परंतु पेटी फक्त रेषा देई. भिंतीवरील उन्हाची तिरीप, गिलाव्याचे पोपडे, रस्त्यांतील गाड्या व माणसें ह्यांसाठीं चित्रकाराचाच डोळा लागे.

१७४७ सालीं बेलोत्तो ड्रेस्डेन येथें सॅक्सनीच्या दरबारीं गेला. तेथील विस्तीर्ण दृश्यांत त्यानें क्रॉयत्सकिर्श हें चर्च सुस्थितींत रंगविलें. १७६० सालीं प्रशियाच्या तोफांनीं शहराची होळी केली. तींत त्याचें स्वतःचें घरही गेलें. चर्चचा उरलेला मनोरा १७६५ सालीं कोसळला, तेव्हां त्या ढिगाऱ्याचेंही चित्र त्यानें तितक्याच बारकाईनें काढलें.

१७६७ सालीं तो वॉर्सास आला. राजा स्तानिस्लाव ऑगस्ट ह्यानें त्यास दरबारीं ठेवून घेतलें, आणि १७८० सालीं मृत्यु येईपर्यंत तो तेथेंच राहिला. राजवाड्याच्या एका दालनासाठीं त्यानें शहराच्या दृश्यांची मालिकाच रंगविली. तींतील १७७० च्या एका मोठ्या चित्रांत प्रागा उपनगराकडून व्हिश्चुला नदीपलीकडील सारें शहर दिसतें, आणि कोपऱ्यांत चित्र काढीत बसलेला बेलोत्तोही दिसतो.

१९४४ च्या उठावानंतर जर्मन सैन्यानें वॉर्सा पद्धतशीरपणें उद्ध्वस्त केलें. जुन्या शहराचा शेंकडा ८५ हून अधिक भाग नष्ट झाला, राजवाडाही सुरुंगांनीं उडविला गेला. लुटून नेलेलीं बेलोत्तोचीं चित्रें मात्र युद्धानंतर परत मिळालीं. वास्तुतज्ज्ञांजवळ युद्धापूर्वींचीं छायाचित्रें आणि मोजमापें घेऊन केलेलीं रेखाटनें होतीं. त्यांच्या जोडीला हीं चित्रें आलीं.

येथें एक अडचण होती. बेलोत्तो कांहीं सरकारी मोजणीदार नव्हता. चित्राची मांडणी शोभावी म्हणून तो प्रमाणें बदली, एखादा दर्शनी भाग मुळापेक्षां अधिक देखणा करी. त्यामुळें त्याची साक्ष इतर पुराव्यांशीं ताडून पाहावी लागे. तरीही कित्येक ठिकाणीं बांधणारांनीं जाणूनबुजून चित्राचाच आधार घेतला. परिणामीं कांहीं इमारती १९३९ मध्यें होत्या तशा न होतां, अठराव्या शतकांतील चित्रांत दिसतात तशा झाल्या.

ह्यास फसवणूक म्हणावें काय? ज्यांचें शहर नांवनिशाणीसकट पुसण्याचा प्रयत्न झाला, त्यांना जुन्या विटांइतकीच आपल्या स्मृतीचीही किंमत होती. १९८० सालीं युनेस्कोनें ह्या पुनर्बांधणीस जागतिक वारशांत स्थान दिलें. राजवाड्याची पुनर्बांधणी १९७१ पासून १९८४ पर्यंत चालली. त्यांतील एका दालनांत बेलोत्तोचीं बावीस दृश्यें आज टांगलेलीं आहेत.

जुन्या नगरचित्रापुढें उभें राहणारानें म्हणून दोन गोष्टी पाहाव्या: चित्रकारानें काय पाहिलें, आणि त्यानें काय असावेंसें वाटून रंगविलें. वॉर्साच्या बांधकामांत ह्या दोहोंनाही जागा मिळाली आहे.