मदतीचं माप : किल्लारीचा सातबारा, नागपूरचे पट्टे

४ डिसेंबर २०२४ च्या सकाळी साडेसातच्या सुमारास तेलंगणातल्या मुलुगू भागात ५.३ क्षमतेचा भूकंप झाला आणि त्याचा हादरा गडचिरोली-चंद्रपूर ओलांडून नागपूरपर्यंत पोचला. त्याआधी २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर हादरलं होतं. तरीही आपल्या पायाखाली घट्ट खडक आहे, इथं काही व्हायचं नाही, हा नागपूरकरांचा विश्वास जुना आहे. २००२ च्या भूकंप-नकाशाचाही त्याला आधार होता. त्यात नागपूर दुसऱ्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या विभागात येतं. पण १९९३ साली भूकंप झाला तेव्हा लातूर जिल्ह्यातलं किल्लारीसुद्धा त्या वेळच्या नकाशातल्या सर्वांत सुरक्षित विभागात होतं. लातूरचा तो भाग वरच्या विभागात गेला तो नंतर, हजारो माणसं गेल्यावर.

म्हणून किल्लारीचा अभ्यास नागपुरानं करायला हवा. भूगर्भाचा अभ्यास तज्ज्ञ करतीलच. आपण पाहायला हवं ते सरकारी मदत कशी वाटली गेली, आणि वाटताना माप कोणतं लावलं गेलं.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतल्या औसा-उमरगा पट्ट्यात जमीन हलली. सरकारी नोंदीनुसार ७,९२८ जीव गेले. क्षमता ६.२ च्या आसपास. एवढ्या भूकंपाला इतके बळी जायला नको होते. घात केला तो भिंतींनी. दोन-अडीच फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचे थर चढवलेलं जड माळवद. मराठवाड्याच्या उन्हात ही घरं गार राहत, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या तशीच बांधली गेली. कित्येक ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, भिंती तेवढ्या ढासळल्या, कारण सांगाडा आणि भिंत एकमेकांना बांधलेलीच नव्हती.

शरद पवार मुख्यमंत्री होते. जागतिक बँकेनं १९९४ मध्ये २४ कोटी ६० लाख डॉलरचं कर्ज दिलं आणि त्यावर राज्याचा भूकंप पुनर्वसन कार्यक्रम उभा राहिला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवायची, काही गावांत आहे त्याच जागी घरं बांधायची, आणि उरलेल्या शेकडो गावांत तडे गेलेली घरं दुरुस्त करून मजबूत करायची, अशी तिहेरी रचना होती. ५२ गावांतली बरीचशी देणगीदार संस्थांनी दत्तक घेतली.

नव्या गावातल्या घरांचा आकार ठरला तो जमिनीवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. त्याहून मोठ्या खातेदाराला ७५०. प्रशासनाची अडचण समजते. ढिगाऱ्याखाली पुरावे गाडले गेले होते, लोक उघड्यावर होते, आणि हाताशी तयार असलेला कागद एकच, तो म्हणजे सातबारा. तरीही हे माप मला अन्यायाचं वाटतं. भूकंपानं कुणाचं काय गेलं, घरात माणसं किती, घरातच धंदा चालतो का, यांतला एकही प्रश्न सातबाऱ्याला विचारता येत नाही. सुताराला, लोहाराला कामाची जागा घरालगतच लागते. शेतमजुराच्या घरात खाणारी तोंडं कमी नसतात. जुन्या गावात ज्याचं घर लहान होतं, त्याचं नव्या गावातही सरकारी खर्चानं लहानच बांधलं गेलं, आणि यावेळी सिमेंटात.

गावंही पसरली. सरळ रस्ते, चौकोनी प्लॉट. जिथं आपली माणसं गाडली गेली तिथं परत राहायला लोक धजत नव्हते, म्हणून स्थलांतराची मागणी खरीच होती. पण रुंद गावाला लांब नळ, लांब गटार, जास्त दिवे लागतात, आणि पुढे त्यांची देखभाल ग्रामपंचायतीच्या डोक्यावर येते.

या कार्यक्रमाचा तिसरा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि नेमकी त्याचीच आठवण कमी निघते. दोन लाखांच्या आसपास घरं दुरुस्तीसाठी निवडली गेली. नुकसान कमी असेल तर १७,००० रुपये, जास्त असेल तर ३४,०००. इथं माप जमिनीचं नव्हतं, भिंतीला गेलेल्या तड्याचं होतं. काम घरमालकानं स्वतः करून घ्यायचं, पैसे टप्प्याटप्प्यानं मिळायचे, अभियंत्यानं काम पाहायचं. रक्कम तुटपुंजी, कागदपत्रं किचकट, आणि भीती एवढी की पत्र्याच्या शेडमधून दगडी घरात परत जायला माणसं तयार नसत.

ही गाठ सोडवली बायकांनी. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं महिला मंडळांतून गावोगाव ‘संवाद सहायक’ उभ्या केल्या. आपल्या घराला किती रक्कम मंजूर आहे, पुढचा हप्ता कशानं अडला, दोन्ही बाजूंनी भिंत सांधणारा लांब दगड कुठं बसवायचा, हे त्या शेजारणींना समजावून सांगत. शासनानं हे काम अधिकृत मानलं, याचं श्रेय त्यालाही द्यायला हवं. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशाच बायका तिकडे मदतीला गेल्या.

आता नागपूर. आपत्ती निवारणाचं प्रशिक्षण देणारी केंद्रीय संस्था १९५७ पासून याच शहरात आहे, आणि आज राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही इथंच आहे. ढिगाऱ्यातून माणूस कसा काढायचा हे देशाला नागपूर शिकवतं. ढिगारा उपसून झाल्यावर त्या माणसाला काय मिळेल, हे मात्र केंद्राच्या मदत-निकषांत लिहिलेलं असतं. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांप्रमाणे मृताच्या वारसांना ४ लाख, सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि झोपडीला ८ हजार रुपये. शिवाय घर अधिकृत असल्याचं सक्षम अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं.

या अटीपाशी किल्लारीचा सातबारा नागपुरात येऊन उभा राहतो. इथल्या कितीतरी वस्त्यांत लोक मालकी पट्ट्यांसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत आले आहेत. विटा-सिमेंटचं, वरती स्लॅब टाकलेलं घर आहे, नळाची जोडणी आहे, पण पट्टा नाही. ते पडलं तर पंचनाम्यात ‘घर’ लिहायचं की ‘झोपडी’, यावर १ लाख १२ हजारांचा फरक पडतो. महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत तीन-तीन पिढ्या भाड्यानं राहिलेल्या कुटुंबांचं तर घराच्या कागदावर नावच नाही.

दर हिवाळ्यात विधिमंडळाच्या नागपूर अधिवेशनात अतिवृष्टीच्या, गारपिटीच्या मदतीवर घणाघाती चर्चा होते आणि रकमा वाढवून घेतल्या जातात. रकमेइतकीच चर्चा मापावर व्हायला हवी. पंचनाम्यात मालकाबरोबर राहणाऱ्याचं नाव का नसावं? दुरुस्तीचा पैसा पडझडीच्या आधीच, धोकादायक वाड्याच्या भिंती बांधून घ्यायला का मिळू नये? मराठवाड्यातल्या त्या दुरुस्त घरांत नवीन जागेची, रस्त्याची, नळाची गरज पडली नव्हती. सांधणारा दगड आणि तो बसवून घेणारी शेजारीण, एवढ्यावर काम भागलं होतं. वस्त्यांचे पट्टे देण्याचं काम नगररचनेच्या फायलींत अडकलं आहे. ते आपत्ती व्यवस्थापनाच्या आराखड्यात घेतलं, तर निदान पंचनाम्याच्या दिवशी कुणाचं घर झोपडी ठरणार नाही.