झेंडूचें ल्युटीन

डाव्या डोळ्यापुढें पोथीच्या ओळी वांकड्या दिसूं लागल्या. दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें व सूनबाईंनीं तीन कुप्या आणल्या. पैकीं दोहोंतील ल्युटीन झेंडूचेंच. एकींत मोकळें, दुसरींत मेदाम्लांशीं बांधलेलें. बांधलेल्याच्या २० मिलिग्रॅमांत निव्वळ ल्युटीन सुमारें १०च असतें. तेव्हां कुपीवरील मोठ्या आंकड्यास वाचकांनीं भुलूं नये! दोन्ही स्निग्ध जेवणाबरोबरच नीट अंगीं लागतात. तिसरी, बीटा-कॅरोटीनची, मीं परत पाठविली. अमेरिकेंतील २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणींत तें घेणारांत, विशेषतः पूर्वीं धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. आणि विडीची संगत मींहि तीस वर्षें केली आहे. गेलेली दृष्टि ल्युटीनानें परत येत नाहीं, हें डॉक्टरांनीं स्पष्टच सांगितलें. उरलेलीसाठीं मोकळ्याची एक गोळी तूपभाताबरोबर घेतों.