औषध आधी गुरांना, मग माणसांना!

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीपाय पाहिला नाही असा माणूस विरळाच. सुजलेला पाय ओढत रोजीला जाणारी बाई आणि लाजेपायी अंडवृद्धी लपवणारा मजूर आम्ही वस्त्यावस्त्यांतून पाहत आलो. रोगाला जात नसते, असे डॉक्टर म्हणतात. खरे आहे, पण हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, आणि तुंबलेल्या नालीकाठी घरे कुणाची आहेत हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

या कृमीवरचे डीईसी हे औषध १९४७ च्या सुमारास अमेरिकेतील लेडर्ली कंपनीत निघाले. त्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. आजही आशाताई घरोघर तीच गोळी देतात. ती रक्तातली पिल्ले मारते. पण लसिकावाहिन्यांत ठाण मांडून बसलेला मोठा किडा पुष्कळदा वाचतो, पाच-सात वर्षे जगतो आणि पिल्ले घालत राहतो. म्हणून गोळ्या दरवर्षी.

पाऊणशे वर्षांत मोठा किडा हमखास मारणारी गोळी का निघू नये? अडचण काही अंशी शास्त्राची आहे, हे आम्ही मान्य करतो. हा किडा प्रयोगशाळेतल्या उंदरात वाढत नाही. त्याच्या भाऊबंद कृमींवर औषध तपासावे लागते. डॉक्सिसायक्लिन त्याच्या शरीरातले वोल्बाकिया जिवाणू मारून त्याला वांझ करते, पण चार ते सहा आठवडे रोज घ्यावे लागते. अख्ख्या गावाला ते कोण देणार?

खरी गोम पुढे आहे. आयव्हरमेक्टिन ज्यापासून बनले तो जिवाणू सातोशी ओमुरा यांना जपानच्या मातीत सापडला, विल्यम कॅम्पबेल यांनी मर्क कंपनीत त्याचा गुण ओळखला. दोघांना २०१५ मध्ये नोबेल मिळाले. पण १९८१ मध्ये ते बाजारात आले ते जनावरांसाठी! गुरांचा मालक पैसे मोजतो. आफ्रिकेतल्या नदीकाठच्या आंधळ्यांकडे पैसे नव्हते, म्हणून १९८७ मध्ये कंपनीने ते माणसांना फुकट देण्याचे जाहीर केले. अल्बेंडाझोलही आधी जनावरांचेच. मॉक्सिडेक्टिनला माणसांसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली ती २०१८ मध्ये, तीही एका ना-नफा संस्थेच्या खटपटीने. सध्या ज्याच्या चाचण्या चालू आहेत ते एमोडेप्साइड मांजरांच्या जंतांवरचे!

दानाला आमचा विरोध नाही. नागपुरात २०१९ पासून तीन औषधे एकत्र दिली गेली, त्यातही दानाचा वाटा आहे. पण वकील म्हणून आम्हाला फरक कळतो: दान देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या कलम ४७ प्रमाणे राज्याचे कर्तव्य आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने हत्तीरोगावर काम केले आहे. अशा संस्थांना सरकारने नव्या औषधासाठी वर्षानुवर्षे खात्रीचा पैसा द्यावा. २०२७ पर्यंत हत्तीरोग हटवू अशी घोषणा करणाऱ्यांना हा प्रश्न ग्रामसभेत विचारा.

तोवर गोळ्या नाकारू नका. जेवून, आशाताईंच्या समक्ष गिळा. थोडा ताप आला, चक्कर आली तर बहुधा रक्तातली पिल्ले मरत असतात. त्रास वाढला तर दवाखाना गाठा. दोन वर्षांखालची मुले, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना मात्र या गोळ्या देत नाहीत.