स्वभावाला औषध आहे, पण ते एकट्याने घ्यायचं नाही

१९८४ साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात, गरीब वस्त्यांमधल्या ५३ शाळांच्या बालवर्गांत शिक्षकांना एक प्रश्नावली दिली गेली. हा मुलगा मारामारी करतो का, वस्तू मोडतो का, खोटं बोलतो का, जागेवर टिकतो का, अशी वर्गातल्या मुलग्यांची नोंद त्यांना करायची होती. मुलगे होते हजाराच्या आसपास. त्यांतल्या सर्वांत दांडगट ठरलेल्या सुमारे अडीचशे जणांतून मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ट्रेम्बले यांच्या चमूने काही मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली. त्यांना दोन वर्षं प्रशिक्षण मिळालं, बाकीच्यांना नाही. पुढे ही मुलं चाळिशीला टेकेपर्यंत संशोधक त्यांच्या आयुष्याचा माग काढत राहिले.

‘स्वभावाला औषध नाही’ असं आपण सहज म्हणून जातो. मॉन्ट्रियलच्या प्रयोगाने ही म्हणच तपासायला घेतली.

प्रशिक्षण वरवर पाहता अगदी साधं होतं. सात ते नऊ वर्षांच्या या मुलांना शाळेतच छोट्या गटांत बसवायचं. खेळणाऱ्या मुलांत सामील कसं व्हायचं, मदत कशी करायची, कोणी चिडवलं तर काय करायचं, ‘तू नको आमच्यात’ असं ऐकावं लागलं तर काय करायचं, हे प्रत्यक्ष करून बघायचं. दुसऱ्या वर्षी भर होता राग आणि उतावीळपणा आवरण्यावर. हात उगारण्याआधी थांबणं हे मेंदूच्या कपाळामागच्या भागाचं काम आहे आणि तो भाग पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी वळण लावायला भरपूर वाव असतो.

पण खरी मेख होती गटाच्या रचनेत. एका दांडगट मुलामागे साधारण तीन समजूतदार वर्गमित्र ठेवले होते. नुसत्या त्रासदायक मुलांचाच गट केला, तर ती एकमेकांची दांडगाई उचलतात, हे पुढे इतर अभ्यासांतही दिसलं. घरी आईवडिलांनाही शिकवलं जाई: चांगलं वागणं दिसलं की तिथल्या तिथे बोलून दाखवा, मारझोड न करता शिस्त लावा.

२०२२ साली अर्थशास्त्रज्ञ यान अल्गान आणि सहकाऱ्यांनी या सगळ्याचा हिशेब मांडला, तोही सरकारी दप्तरातल्या नोंदींवरून. प्रशिक्षण मिळालेल्यांची वार्षिक कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त निघाली, सरकारकडून घेतलेली आर्थिक मदत जवळपास ४० टक्क्यांनी कमी. शिक्षण जास्त झालेलं, तरुणपणीची गुन्हेगारी कमी. आठव्या वर्षाच्या सुमारास खर्च केलेल्या एका डॉलरमागे एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत सुमारे ११ डॉलरचा लाभ. अडीचशे मुलं म्हणजे नमुना लहान, त्यामुळे नेमक्या आकड्यांवर फार विसंबू नये. पण फरक कोणत्या दिशेचा आहे, याबद्दल संदिग्धता उरत नाही.

तास कसा घेतला, हे महत्त्वाचं

या शिक्षणाला आज जगभर ‘सोशल अँड इमोशनल लर्निंग’ म्हणजे सामाजिक-भावनिक शिक्षण म्हणतात. अमेरिकेत त्याची मुळं १९६८ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी येल विद्यापीठातले बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी न्यू हेवन शहरातल्या दोन गरीब, कृष्णवर्णीय वस्तीतल्या शाळांत काम सुरू केलं. त्यांनी मुलांआधी मोठ्यांकडे पाहिलं. पालक, शिक्षक आणि मुख्याध्यापक यांना एकत्र बसून शाळेचे निर्णय घ्यायला लावले. पुढे १९९४ मध्ये या विषयासाठी ‘कासेल’ ही संस्था उभी राहिली. तिने पाच कौशल्यांची चौकट रूढ केली: स्वतःला ओळखणं, स्वतःला आवरणं, दुसऱ्याची जाण ठेवणं, नाती सांभाळणं आणि जबाबदारीने निर्णय घेणं.

हे शिकवून फरक पडतो का? २०११ मध्ये जोसेफ डरलॅक आणि सहकाऱ्यांनी २१३ शालेय कार्यक्रमांची, मिळून २ लाख ७० हजार विद्यार्थ्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली. वागणूक सुधारली होतीच, अभ्यासातली प्रगतीही ११ पर्सेंटाइलने वाढलेली होती. म्हणजे गुणांनुसार लावलेल्या शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मधे असणारं मूल ११ जागा पुढे सरकलं. मात्र सगळेच कार्यक्रम सारखे नव्हते. पायरीपायरीने शिकवणारे, मुलांकडून करवून घेणारे, त्यासाठी वेगळा वेळ राखणारे आणि नेमकं कोणतं कौशल्य शिकायचं ते स्पष्ट ठरवणारे कार्यक्रम पुढे राहिले.

उलटा दाखला ब्रिटनमध्ये मिळाला. तिथल्या ८५ शाळांतल्या आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या ‘मिरियाड’ चाचणीत अर्ध्या शाळांतल्या किशोरवयीन मुलांना माइंडफुलनेस शिकवलं गेलं: डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्या, मनात येणारे विचार नुसते पाहा. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. बाकीच्या शाळांत नेहमीचं सामाजिक-भावनिक शिक्षण चालू होतं आणि त्यांच्या तुलनेत मुलांच्या मानसिक आरोग्यात काही सुधारणा नव्हती. घरी सराव करा म्हणून सांगितलं होतं, तो बहुतेकांनी केलाच नव्हता.

मॉन्ट्रियल आणि ब्रिटन यांच्या वयोगटांत, काळात, पद्धतीत बरंच अंतर आहे. तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर मला एक गोष्ट ठळक वाटते. एकट्याने आत डोकावण्याचा तास मुलांना फारसा लागू पडला नाही. दुसऱ्या मुलासमोर उभं राहून, त्याचं ऐकून, त्याला उत्तर देऊन केलेला सराव मात्र चाळिशीपर्यंत पुरला. राग आवरण्याची कसोटी लागते ती राग आणणारा समोर असतानाच.

वर्गातून कचेरीत

अर्थशास्त्रज्ञ शुले आलान यांनी हेच सूत्र तुर्कस्तानात दोन अगदी वेगळ्या ठिकाणी वापरून पाहिलं. देशाच्या आग्नेय भागात सीरियातून आलेल्या निर्वासितांची मुलं स्थानिक मुलांच्या वर्गात बसू लागली होती. तिथल्या ८० प्राथमिक शाळांपैकी काहींत दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहायला शिकवणारा अभ्यासक्रम राबवला गेला. मुलांमधली दांडगाई घटली आणि आपल्या-परक्यांचे वेगळे कंपू सैल झाले. पुढच्या प्रयोगात मुलांच्या जागी आले २० मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयांतले तीन हजारांहून अधिक कर्मचारी. इथे भर होता साहेब आणि हाताखालचे लोक एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात यावर. प्रशिक्षण मिळालेल्या कंपन्यांत नोकरी सोडणं कमी झालं, अडचणीत वरिष्ठांकडे जाणं वाढलं, एकमेकांचे पाय ओढणारी चुरस ओसरली. सुधारणेचं संभाव्य कारण म्हणून संशोधकांनी बोट ठेवलं ते साहेब आणि कर्मचारी यांच्या सुधारलेल्या नात्यावर.

नोकरीच्या बाजारातही या गुणांना भाव चढतो आहे. हार्वर्डचे डेव्हिड डेमिंग यांनी दाखवलं की १९८० ते २०१२ या काळात अमेरिकेतल्या एकूण नोकऱ्यांमध्ये माणसांशी सतत संबंध येणाऱ्या कामांचा वाटा जवळपास १२ टक्के-बिंदूंनी वाढला. गणिती पण एकट्याने करायच्या कामांचा वाटा घटला. ठरावीक साच्याचं काम यंत्राकडे सोपवता येतं. चार जणांत काम वाटून घेणं, अडलं तर सांगणं, वाद मिटवणं हे अजून माणसांकडेच आहे.

बंगळुरूची शिलाई लाईन

आपल्याकडचा सर्वांत बोलका पुरावा बंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतला आहे. अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यषधम या अर्थशास्त्रज्ञांनी शाही एक्स्पोर्ट्स कंपनीच्या पाच कारखान्यांत २०१३ पासून हा प्रयोग केला. शिलाई लाईनवर एक शर्ट कितीतरी हातांतून जातो. एकीचं यंत्र अडलं आणि ती गप्प राहिली, की पुढच्या सगळ्यांचं काम तुंबतं. तिथे मोकळेपणाने बोलणं हा उत्पादनाचाच भाग होतो.

इच्छुक कामगार स्त्रियांमधून सोडत काढून काहींना सुमारे ८० तासांचं प्रशिक्षण मिळालं. संवाद, अडचण सोडवणं, वेळ आणि ताण यांचं नियोजन, पैशाचा हिशेब, आरोग्य असे त्यातले विषय. शिवणकामाचं कौशल्य त्यात शिकवलं नव्हतं. तरीही त्यांची उत्पादकता इतरांपेक्षा सुमारे १३.५ टक्क्यांनी वाढली. त्यांच्या लाईनवर काम करणाऱ्या, पण प्रशिक्षण न मिळालेल्या बायकांचं कामही सुधारलं. एकीने बोलायला सुरुवात केल्याचा फायदा शेजारणींनाही झाला. प्रशिक्षण संपल्यानंतर आठ महिन्यांत कंपनीने घातलेल्या पैशांवर निव्वळ परतावा अडीचशे टक्क्यांच्या घरात होता.

आणि पगार? तो वाढला जेमतेम अर्धा टक्का.

भावनिक कौशल्यांच्या कौतुकात हा आकडा बहुधा मागे पडतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बौद्धिक क्षमतांच्या जोडीला सामाजिक आणि भावनिक क्षमताही शिक्षणाचं उद्दिष्ट मानल्या आहेत. शाळांच्या वेळापत्रकात असे तास येतील, कंपन्या कार्यशाळा भरवतील. तेव्हा पालकांनी शाळेला विचारायला हवं, की या तासात मुलं एकमेकांबरोबर काय करतात, आणि शिक्षकही त्यात शिकणाऱ्यांत आहेत का. कर्मचाऱ्यांनी विचारायला हवं, की संयमाचे धडे फक्त हाताखालच्यांनाच का, सुपरवायझर आणि साहेब कुठे आहेत. आणि या धड्यांमुळे काम वाढलं, तर त्याची नोंद पगाराच्या पावतीवर कुठे दिसेल, हेही.