सेकंडहँड थार घेतली, पण आतून लय आवाज येतोय? डॅम्पिंगवर पैसे घालण्याआधी हे तपासा

बारामती, इंदापूर पट्ट्यात एमएच-४२ पासिंगची थार दिसणं आता काही नवीन नाही. महिंद्राने २ ऑक्टोबर २०२० ला दुसऱ्या पिढीची थार बाजारात आणली. तेव्हाच्या गाड्या आता सेकंडहँड बाजारात मिळतात आणि हौशी लोक त्या घेतातही.

गाडी दारात येते, पेढे वाटून होतात. मग भिगवणपर्यंत एक चक्कर मारली की कळतं, ऐंशीच्या पुढे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कोणीतरी सल्ला देतं, "डॅम्पिंग मारून घे, सगळं शांत होईल."

पण थारचे काही आवाज हा तिचा स्वभाव असतो आणि काही आवाज म्हणजे दुखणं. दुखण्यावर शीट चिकटवली तर आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं.

थार मुळात आवाज का करते?

शिडीसारख्या चासीवर वेगळी बॉडी बसवलेली, समोर जवळपास उभी काच आणि खाली जाड नक्षीचे टायर. उभी काच वारा कापत नाही, अडवते. त्यामुळे वेग वाढला की वाऱ्याचा आवाज येणारच. सॉफ्ट टॉप असेल तर आणखी जास्त.

आवाज नेमका कुठून येतोय?

पुणे-सोलापूर हायवेवर मोकळा पट्टा बघून तीन गोष्टी करा.

१. वेग तोच ठेवून गिअर बदला. आवाज बदलला तर तो इंजिनाकडचा. तसाच राहिला तर टायर, बेअरिंग किंवा वारा.

२. डांबरावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाज बदलला तर संशय टायरवर.

३. हलक्या वळणावर घूंऽऽ असा आवाज कमी-जास्त झाला तर चाकाचं बेअरिंग तपासून घ्या. हे काम पुढे ढकलू नका, बेअरिंग पार गेलं तर चाकच धोक्यात येतं.

काळ्या मातीची करामत

गाडी ऐंशीला गेली की स्टेअरिंग थरथरतं? अलाइनमेंटचा खर्च करण्याआधी चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून बघा. आपल्याकडची काळी चिकट माती रिमच्या आत बसते, वाळून दगड होते आणि चाकाचा तोल जातो. वॉशिंगवाल्याला रिम आतून धुवायला सांगा. तरीही थरथर राहिली तर बॅलन्सिंग करा.

टायरच्या बाजूवरचा चार आकडी कोडही वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. म्हणजे ३५२० असेल तर टायर २०२० च्या ३५ व्या आठवड्यातला. जुना, कडक झालेला टायर आवाजही जास्त करतो आणि पकडही कमी देतो. हवा मात्र दाराजवळच्या स्टिकरवर लिहिल्याएवढीच ठेवा.

या चार गोष्टी आधी, बाकी नंतर

फोर बाय फोर: थारमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही. कोरड्या डांबरावर ४एचमध्ये वळवली तर गाडी अडखळते आणि खालून कटकट येते. हा बिघड नाही, पण असंच चालवत राहिलात तर बिघड होईल. डांबरावर २एचच.

डिफरन्शियलचं ऑइल: आधीच्या मालकाने गाडी उजनीच्या पाण्यात घातली होती का, हे तो सांगेलच असं नाही. ऑइल सांगतं. ते दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. लगेच बदला आणि ब्रीदरची नळी तपासा.

पाचट: उसाच्या फडातून गाडी काढली की वाळलेलं पाचट खाली अडकतं. बीएस-६ डिझेल गाडीत डीपीएफ असतो. तो साचलेली काजळी जाळून स्वतःला साफ करतो, तेव्हा एक्झॉस्ट प्रचंड तापतो. त्याला पाचट चिकटलेलं असेल तर आग लागू शकते. फडातून बाहेर आलात की आधी खाली वाकून बघा.

रिकॉल: ७ सप्टेंबर ते २५ डिसेंबर २०२० या काळात बनलेल्या १,५७७ डिझेल थार कॅमशाफ्टच्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या. तुमची गाडी त्या काळातली असेल तर चासी नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, काम झालंय का.

मग डॅम्पिंग कधी?

हे सगळं झाल्यावर. त्याआधी आणखी एक फुकटातली टेस्ट. दाराच्या रबरात कागद ठेवून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथून वारा शिरतोय. दार अ‍ॅडजस्ट करा किंवा रबर बदला.

डॅम्पिंग शीट पत्र्याची थरथर थांबवते, वारा नाही. त्यामुळे ती आधी फ्लोअर आणि मागच्या चाकांवरच्या कमानींना लावा, मग दारांना. दाराखालची पाणी जाणारी भोकं मात्र बुजवू देऊ नका, नाहीतर पाणी साचून दार गंजेल.

थोडक्यात, आधी धुवा, मग तपासा, मग दुरुस्त करा आणि उरलेल्या आवाजासाठी शीट लावा. एवढं करूनही थार सेडानसारखी शांत होणार नाही. पण उरलेला आवाज फक्त थारचा असेल, तुटणाऱ्या पार्टचा नाही.