पन्नास हजारांतली दोन

२०१२ साली एकट्या केरळच्या किनाऱ्यावर सुमारे ३.९ लाख टन तारली उतरली. टनांत सांगितलं की हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही, म्हणून तो माशांत मोडून पाहू. चांगली भरलेली तारली साधारण पन्नास ग्रॅमची धरली, तर किलोला वीस आणि टनाला वीस हजार. म्हणजे ३.९ लाख टनांत ७८० कोटी तारल्या झाल्या. त्या वर्षी जगाची लोकसंख्या सातशे कोटींच्या थोडी वर होती. पृथ्वीवरच्या प्रत्येकाला, अगदी तान्ह्या बाळालाही, एकेक तारली वाटली असती तरी काही कोटी शिल्लक राहिल्या असत्या. आणि हा हिशेब एका राज्याचा, एका जातीच्या माशाचा, एका वर्षाचा.

नऊ वर्षांनी, २०२१ साली, त्याच किनाऱ्यावर तारली आली ३,२९७ टन. म्हणजे साडेसहा कोटी मासे. केरळात माणशी दोनसुद्धा नाहीत. २०१२ साली माणशी सव्वादोनशेहून जास्त होत्या. घट ११८ पटींची. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२३ साली, पकड पुन्हा १.३८ लाख टनांवर गेली आणि २०२४ साली १.४९ लाखांवर.

समुद्रात मासे अगणित असतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मला त्या अगणितपणापेक्षा ही उलथापालथ जास्त थक्क करते. वितीपेक्षाही लहान, जेमतेम अडीच वर्षं जगणारा हा मासा कोट्यवधींनी येतो कसा, आणि नाहीसा होतो कसा? या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात दडलेलं आहे.

तिथवर जायच्या आधी एक तारली हातात घेऊन नीट पाहायला हवी. पाठ निळसर हिरवी, कुशी रुपेरी. कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेला एक ठळक काळा ठिपका आणि त्याच्याही मागे पुसट सोनेरी डाग. पोटाखालून शेपटीकडून डोक्याकडे बोट फिरवलं तर टोकदार खवल्यांची धार लागते. पावसाळा संपल्यावर काही महिने हा मासा इतका तेलकट असतो की साफ करताना बोटं बुळबुळीत होतात. तिरफळ घालून केलेलं त्याचं तिखलं ज्यांनी खाल्लंय त्यांना हे तेल वेगळं सांगायला नको.

आता कल्ल्याचं झाकण उचला. लाल कल्ल्यांच्या आतल्या बाजूला, घशाकडे तोंड करून, बारीक काट्यांची दाट रांग दिसते. कल्ल्याच्या पहिल्या कमानीच्या नुसत्या खालच्या भागावर असे दीडशे ते अडीचशे काटे असतात. तारलीचं पोट यांच्यावर चालतं. ती तोंड उघडं ठेवून पोहते; पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवाटे बाहेर जातं आणि पाण्यातलं बारीकसारीक खाद्य या काट्यांत अडकतं. तोंडाचा आ एक चौरस सेंटिमीटरचा आणि पोहण्याचा वेग सेकंदाला तीस सेंटिमीटर धरला, तर सलग तोंड उघडं ठेवणारी एक तारली तासाला शंभर लिटरहून जास्त पाणी गाळते. २०१२ साली जाळ्यात आलेल्या त्या ७८० कोटी तारल्यांनी एकाच वेळी तोंड उघडलं असतं, तर काठोकाठ भरलेलं कोयना धरण, सगळं १०५ टीएमसी पाणी, चार तासांच्या आत गाळून झालं असतं. आणि या फक्त पकडल्या गेलेल्या तारल्या.

गाळून मिळतं काय? मुख्यतः डायटम. ही एकपेशीय शैवालं काचेच्या जातीच्या द्रव्याची, म्हणजे सिलिकाची, नक्षीदार डबी करून तिच्यात राहतात. बहुतेकांची एकेक पेशी माणसाच्या केसाच्या जाडीहून लहान असते. जगात प्रकाशसंश्लेषणाने जेवढं अन्न तयार होतं, त्याचा सुमारे पाचवा हिस्सा डायटम तयार करतात. तारलीचा विशेष लोभ फ्रॅजिलेरिया ओशियानिका या डायटमवर आहे. मलबारच्या समुद्रात हा डायटम फुलला की पाठोपाठ तारली येते, हा संबंध अभ्यासकांना विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक आहे.

डायटमच्या एका पेशीच्या दोन होतात, दोनांच्या चार. दिवसाला एकदा असं दुपटीकरण झालं आणि कोणी खाल्लं नाही, तर एका पेशीच्या दहा दिवसांत हजारावर, वीस दिवसांत दहा लाखांवर आणि तीस दिवसांत शंभर कोटींवर पेशी होतात. एवढं सगळं व्हायला सूर्यप्रकाश लागतो आणि खत लागतं. ऊन वरच्या पाण्यात असतं, तर नायट्रेट, फॉस्फेट आणि सिलिकेटचा साठा खालच्या काळोख्या थंड पाण्यात. या दोघांची गाठ मान्सून घालून देतो. जून ते सप्टेंबर या काळात केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वारा वाहतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचा पाण्याचा थर वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर ढकलला जातो, आणि त्याच्या जागी खालचं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. ज्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, त्याच दिवसांत समुद्रात वर्षाची पेरणी चाललेली असते.

आणि नेमकी त्याच दिवसांत तारली अंडी घालते.

एक मादी साधारण पन्नास हजार अंडी घालते. काही कमी घालतात, काही ऐंशी हजारांपर्यंत जातात. हिशेबासाठी पन्नास हजार धरू. २०१२ च्या त्या ७८० कोटींपैकी निम्म्या माद्या असतील, तर त्यांची अंडी होतात १९५ लाख कोटी. अंडं मिलिमीटरभर, पारदर्शक, पाण्यावर तरंगणारं. ते सुमारे चोवीस तासांत फुटतं. बाहेर आलेल्या पिल्लाजवळ दोन-तीन दिवस पुरेल एवढीच शिदोरी असते. तेवढ्यात तोंडात मावेल असं खाद्य मिळालं नाही, तर खेळ संपला. मिळालं, तरी त्याला खाणारे सगळीकडे आहेत.

एका जोडप्याच्या पन्नास हजार अंड्यांतून किती जगावीत? तारलीची संख्या पुढच्या पिढीत होती तेवढीच राहायची असेल, तर उत्तर आहे दोन. आईच्या जागी एक आणि बापाच्या जागी एक. बाकीची ४९,९९८ मरायलाच हवीत. म्हणजे सगळं सुरळीत चाललेल्या वर्षातही मृत्यूचं प्रमाण ९९.९९६ टक्के.

आता या आकड्याला जरासा धक्का द्या. दोनाऐवजी चार जगली, तर मृत्यूचं प्रमाण होतं ९९.९९२ टक्के. कुठलंही उपकरण लावून हा फरक समुद्रात मोजता यायचा नाही; पण संख्या एका पिढीत दुप्पट होते आणि पाच पिढ्यांत बत्तीसपट. उलट दोनाऐवजी एकच जगलं, तर ९९.९९८ टक्के मेली, आणि संख्या निम्मी. असं सात वेळा निम्मं झालं की ११८ पटींची घट पुरी होऊन वर थोडी जागाही उरते. माणसाच्या किंवा हत्तीच्या बाबतीत मृत्यूचं प्रमाण हजारांश टक्क्याने हललं तर कोणाला कळणारही नाही. तारलीच्या बाबतीत तेवढ्याने बाजार भरतो किंवा ओस पडतो.

२०२१ ते २०२३ या दोन वर्षांतली ४२ पटींची वाढ याच गणितात बसवून पाहिली, तर वर्षाला साधारण साडेसहा पट वाढ येते. म्हणजे पन्नास हजारांतली दोन जगण्याऐवजी तेरा जगली. तरीही ९९.९७४ टक्के मेलीच. एवढ्या भरभराटीच्या वर्षातही तारलीच्या पिल्लाच्या दृष्टीने समुद्रात फारसं काही बदललेलं नसतं, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा विचार करायला लावते.

अर्थात पकड म्हणजे समुद्रातला साठा नव्हे. मासा खोल पाण्यात उतरला किंवा किनाऱ्यापासून दूर गेला, तर तो असूनही जाळ्यात येत नाही. केरळात दुष्काळ असताना तिथल्या बाजारात तमिळनाडूची तारली विकली जात होती. वर दिलेले आकडे कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे आहेत. ही संस्था १९४७ साली स्थापन झाली. तिची माणसं देशभरच्या बंदरांवर आणि किनाऱ्यांवर ठरावीक नमुना पद्धतीने होड्या निवडतात, उतरलेला मासा मोजतात आणि त्यावरून साऱ्या किनाऱ्याचा अंदाज बांधतात. हे काम दशकानुदशकं न थांबता चाललंय, म्हणून आज आपण तारलीच्या चढउतारांबद्दल अशा खात्रीने बोलू शकतो. या नोंदी ठेवणाऱ्यांचे आपल्यावर मोठे उपकार आहेत.

तारलीचा लहरीपणा मात्र त्या नोंदींहून जुना आहे. फ्रान्सिस डे यांचा मलबारच्या माशांवरचा ग्रंथ १८६५ सालचा. तारली एखाद्या वर्षी अमाप आणि एखाद्या वर्षी दुर्मीळ, हे तेव्हाही लोकांना माहीत होतं. तिचं तेल दिव्यात जळत होतं, होड्यांच्या लाकडाला चोपडलं जात होतं, आणि तेल काढून उरलेला चोथा शेतामळ्यांत खत म्हणून जात होता. ओमानच्या किनाऱ्यावर तीच तारली वाळवून गुरांना आणि उंटांना घालतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे फ्रेडरिक निकल्सन यांनी मलबारात तानूरला तारलीचं तेल आणि खत काढण्याचे प्रयोग केले आणि त्यातून किनाऱ्यावर अनेक छोटे कारखाने उभे राहिले. मग १९४० च्या दशकात तारली अशी काही ओसरली, की मद्रास सरकारला १९४३ साली काही जाळ्यांवर निर्बंध आणावे लागले. १९९४ साली केरळची पकड दीड हजार टनांच्या आसपास घसरली होती. तिथून २०१२ पर्यंत ती अडीचशे पट चढली.

मग दोष कोणाचा? २०१२ नंतरच्या घसरणीत एल निनोचा वाटा संशोधकांनी दाखवला आहे. पाणी तापतं, खालचं थंड पाणी हवं तेवढं वर येत नाही, डायटमचा बहर हुकतो, आणि पिल्लांची ती दोन-तीन दिवसांची शिदोरी संपताना समोर काही नसतं. पण निसर्गाच्या नावावर सगळं टाकता येणार नाही. केरळात १९८० च्या दशकाच्या मध्यावर रिंग सीन जाळी आली. मोठ्या जाळ्याची लांबी हजार मीटरपर्यंत जाते. थव्याभोवती ते गोल टाकून खालून आवळलं, की आतला सगळा थवा एकदम वर येतो. तारलीचं गणित हजारांश टक्क्यांवर चालतं हे एकदा लक्षात आलं, की वाईट वर्षात उरलेल्या माद्यांवर असं जाळं पडणं म्हणजे काय, हे वेगळं समजवावं लागत नाही.

आपल्या किनाऱ्याचा तारलीशी संबंध आता वाढत चालला आहे. १९८५ पर्यंत देशातली जवळपास सगळी तारली ८ ते १४ अंश उत्तर अक्षांशांच्या मधल्या पाण्यात मिळायची. म्हणजे केरळच्या दक्षिण टोकापासून वर भटकळपर्यंत. पुढच्या दोन दशकांत समुद्र तापत गेला आणि मासा वर सरकला. २००६ पर्यंत पकडीतला सुमारे १५ टक्के वाटा १४ ते २० अंशांच्या पट्ट्यातून येऊ लागला. हा पट्टा म्हणजे भटकळपासून डहाणूपर्यंतचा किनारा: कारवार, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, मुंबई, पालघर. गोव्यात आणि मालवणात रापणीला तारली लागणं नवं नाही, पण तिचा मुक्काम इतका उत्तरेकडे पसरणं नवं आहे. जी जाळी केरळने १९८० च्या दशकात आजमावली, तीच पर्ससीनच्या रूपाने आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्यावरून पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात उभा दावा आहे.

केरळने तारलीसाठी कमीत कमी दहा सेंटिमीटरची मर्यादा घातली आहे; त्याहून लहान मासा पकडायचा नाही. महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. दहा सेंटिमीटर म्हणजे किती, हे वजनात पाहिलं की पटतं. एवढीशी तारली जेमतेम दहा ग्रॅमची असते. तिच्या एका टनात एक लाख मासे येतात, आणि तो टन बहुधा खायलाही जात नाही. मत्स्यकुटीच्या कारखान्यात जातो. हेच एक लाख मासे पाण्यात राहू दिले आणि वाढेपर्यंत त्यातले निम्मे मेले असं धरलं, तरी उरलेल्या पन्नास हजारांचं वजन पन्नास ग्रॅमच्या हिशेबाने अडीच टन भरतं. त्यात पंचवीस हजार माद्या असतील. तारलीची मादी पंधरा सेंटिमीटरच्या आसपास, वर्षभराची झाली, की अंड्यावर येते. पंचवीस हजार माद्यांची, प्रत्येकी पन्नास हजार प्रमाणे, अंडी होतात १२५ कोटी. दहा सेंटिमीटरच्या तारलीचा एक टन किनाऱ्यावर उतरतो, तेव्हा तेवढी अंडी पुढच्या पावसाळ्यात पडत नाहीत.